कुंभकोणचे गंध

मराठीत गंध हा शब्द दोन लिंगांत नांदतो. फुलाचा तो गंध, आणि कपाळावर लावायचे ते गंध. पहिला वाऱ्यावर स्वार होऊन कुठेही जातो, दुसरे बोटाच्या टोकावर बसून जिथे लावावे तिथे वाळून राहते. हा भेद कुणाला मुद्दाम शिकवावा लागत नाही; मराठी घरातले चार वर्षांचे मूलही तो चुकत नाही. चंदनाच्या बाबतीत मात्र हे दोघे एकाच खोडातून जन्माला येतात. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून खोड फिरवू लागले की खाली ते गंध साचू लागते आणि वर तो गंध सुटू लागतो. त्यांपैकी देवाच्या वाट्याला कोणते, पाहुण्याच्या वाट्याला कोणते आणि उगाळणाऱ्याच्या वाट्याला कोणते, हा प्रश्न मला कुंभकोणमला अक्काच्या घरी पहिल्यांदा पडला. तोवर चंदन म्हणजे आमच्या पुण्याच्या घरी गणपतीच्या दहा दिवसांत फडताळातून बाहेर येणारी एक वस्तू, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती.

अक्का ही माझ्या वडिलांची चुलत बहीण. आमचे आजोबा तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने पुण्याला आले आणि राहिले. त्यांचे धाकटे भाऊ कावेरीकाठीच थांबले. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत वसलेले हे देवळांचे गाव. तिथून तंजावर चाळीसएक किलोमीटरवर. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ साली ती कंपनी सरकारने खालसा केली. या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत कारकून, पुराणिक, वैद्य, कीर्तनकार अशी किती घराणी दक्षिणेत उतरली आणि तिथल्या मातीत मिसळून गेली! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेवंशाची बखर मराठीत कोरविली, आणि ती भिंत पाहून आपल्याकडचा प्रवासी गहिवरतो. मलाही ती पाहून भरून आले होते, नाही असे नाही. पण दगडावरच्या मराठीला ऊनपावसाखेरीज कशाची भीती नसते. तोंडातल्या मराठीचे तसे नाही. अक्काच्या घरात मराठी, दारात तमिळ, मठात कन्नड आणि देवघरात संस्कृत, अशी चार भाषांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांपैकी घरातली भाषा सर्वांत नाजूक. कारण तिला बाजार नाही, शाळा नाही आणि वर्तमानपत्रही नाही.

अक्काला देवनागरी वाचता येते, पण अडखळत. लिहिते ती तमिळ अक्षरांत. भाषा मराठी, लिपी तमिळ. वाणसामानाच्या याद्या, सणांची पक्वान्ने, औषधांचे काढे असे सगळे तिने अशाच रीतीने उतरवून ठेवले आहे. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, तसेच त आणि द यांनाही एकच. हकार मिसळलेल्या वर्णांना तर वेगळी जागाच नाही. तेव्हा ‘गंध’ हा शब्द तिच्या लेखणीतून उतरला की तो ‘कंद’ असाही वाचता येतो. मी तिची ती चिठ्ठी हातात घेतली आणि तिच्या नातीकडून एकेक अक्षर वाचवून घेतले, तेव्हा नात ‘कंद’ म्हणाली, मी ‘गंध’ म्हणाले, आणि अक्का पलंगावरून म्हणाली, “दोन्ही आहेत की त्यात. नागरमोथ्याचा कंद नाही का?”

ही नात म्हणजे अक्काच्या भावाची नात. अक्काला स्वतःचे मूलबाळ नाही. मुलगी चेन्नईला नोकरी करते, मराठी सगळी समजते आणि उत्तर तमिळमध्ये देते. अक्काला ती ‘अक्कापाटी’ म्हणते. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. पुढच्या वर्षी लग्न होऊन ती परदेशी जाणार. जाताना तिला दागिना नको होता, रेशमी साडीही नको होती. तिला हवा होता अक्कापाटीच्या खोलीचा वास. तो बाटलीत भरून द्या, असे तिचे मागणे. हसण्यावारी नेण्याजोगीच ही गोष्ट होती. पण अक्का हसली नाही. तिने उशाखालची किल्ली काढून दिली आणि कपाटातली चिठ्ठी काढायला सांगितली.

त्या चिठ्ठीत सात-आठ पदार्थ होते आणि एकाचेही वजन नव्हते. चंदन: शंभर फेरे. वाळा: रात्री पितळेच्या तांब्यात भिजवायचा आणि त्याच पाण्याने उगाळायचे. नागरमोथा: सुपारीएवढा, वेगळा उगाळून. मरिक्कोळुंदु, म्हणजे आपला दवणा, दोन काड्या चुरडून. भीमसेनी कापूर, तिथला पच्चै कर्पूरम्, तांदळाच्या दाण्याएवढा. गुलाबपाणी. आणि शेवटी, ‘असेल तर’ असे म्हणून, जवादी. तमिळमध्ये हिला जव्वादु म्हणतात, आपल्याकडच्या जुन्या मराठीत जवादी. ज्या उदमांजरापासून ती मिळे त्यालाही आपण जवादी मांजर म्हणतो. मूळ शब्द अरबी. हल्ली त्या नावाने जी भुकटी मिळते तिच्यात मांजराचा संबंध बहुधा नावापुरताच असतो, आणि ते बरेच आहे.

या नावांपाशी मी बराच वेळ घुटमळले. आपण ज्याला वाळा म्हणतो त्याला तमिळमध्ये वेट्टिवेर म्हणतात. वेर म्हणजे मूळ. हाच शब्द जहाजात बसून फ्रान्सला गेला आणि आज जगभरच्या अत्तरवाल्यांच्या तोंडी आहे. कडलूरकडच्या वाळूत वाढणारे हे गवत. त्याची मुळे उपटून, धुऊन, जुड्या बांधून कुंभकोणमच्या बाजारात येतात. दवण्याचे उलट. कोल्हापूरच्या जोतिबाला चैत्रात वाहिला जाणारा, एरवी आपण विसरून जातो असा हा दवणा तिथे रोजच्या माळेत गुंफला जातो. रंगीबेरंगी फुलांच्या त्या माळेला कदंबम् म्हणतात आणि तिच्यात दवणा व मरवा नसेल तर ती अपुरी. गुलाबपाण्याचे पन्नीर झाले आहे, आणि पन्नीर मागितल्यावर गुलाबपाणी पुढे आले की पुण्यामुंबईचा माणूस गोंधळतो. स्वतः चंदनाचे संस्कृत नाव मलयज, मलयपर्वतावर जन्मलेले. आमच्या पंडित कवींनी सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून मलयानिलाची वर्णने केली. त्यांच्यापैकी कितींनी तो वारा खरोखर हुंगला असेल, देव जाणे. एक विनोद मात्र सांगायलाच हवा. अक्काचे घर माध्व संप्रदायाचे. तिथे पुरुषांच्या अंगावर उठणाऱ्या मुद्रा गोपीचंदनाच्या, आणि गोपीचंदन म्हणजे चंदन नव्हेच. ती पिवळसर माती. तेव्हा चंदनाचा इतका बडेजाव असलेल्या त्या घरात पुरुषांच्या अंगावर रोज दिसे ती मातीच.

चंदन लागे ते पूजेला आणि पाहुण्यांना. दक्षिणेतल्या लग्नात मांडवाच्या दाराशी चंदनाची वाटी आणि गुलाबदाणी घेऊन मुली उभ्या असतात. येणारा वाटीत बोट बुडवतो, हाताला किंवा गळ्याला लावतो, अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा घेतो आणि आत जातो. नुसते चंदन उगाळून हे होत नाही. त्यात इतर सुगंधी द्रव्ये मिसळावी लागतात, म्हणून त्याला कलवै चंदनम्, मिश्र चंदन, म्हणतात. आमच्या अरगजाचे हे दक्षिणी भावंड. कुंभकोणमच्या त्या गल्लीत कुणाच्याही घरी कार्य निघाले की आदल्या रात्री निरोप अक्काकडे यायचा. मराठी घरे तर येतच, पण अय्यंगारांची आणि चेट्टियारांचीही येत. तिच्या हाताला प्रमाण साधले आहे, अशी तिची ख्याती होती.

ही ख्याती तिने मागच्या खोलीत मिळवली. अक्का १९६८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नवरा वारल्यावर तंजावरहून भावाच्या घरी परत आली. केशवपनाचा काळ तोवर सरला होता, आणि भाऊ मनाने चांगला होता. तरी कुंकू गेले, फूल गेले, आणि गंधही गेले. धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत विधवेने काय काय टाकावे याची जी यादी येते तिच्यात तांबूल आहे, अलंकार आहेत, पुष्प आहे आणि गंध आहे. यादी करणाऱ्यांचे डोके शाबूत होते यात शंका नाही. काहीही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. मात्र लावायला बंदी असली तरी उगाळायला नव्हती. लग्नाच्या मांडवात तिने पाऊल टाकू नये असा दंडक, आणि त्याच मांडवात शिरणारा प्रत्येक माणूस तिच्या हातचे चंदन अंगाला लावून पुढे जायचा. चाळीस वर्षे हे असे चालले. मी तिला एकदा विचारले, “तुला कधी राग नाही आला?” ती म्हणाली, “राग कशाचा? हाताला लागायचेच की. धुतले तरी दोन दिवस जात नसे. त्याला कोण काय करणार?”

मराठीत आपण ‘चंदनासारखे झिजणे’ असे म्हणतो. सत्कारसमारंभांत आणि शोकसभांत हा वाक्प्रचार इतका वापरला जातो की तो स्वतःच आता गुळगुळीत झाला आहे. विशेषतः बायकांच्या बाबतीत तो हमखास येतो: आई झिजली, मोठी बहीण झिजली. अक्काकडे पाहताना मला या म्हणण्यातली लबाडी प्रथम दिसली. सहाणेवर दोन गोष्टी असतात, खोड आणि हात. खोडाला झिजण्याखेरीज इलाज नाही, त्याला कुणी विचारलेले नसते. हाताला मात्र कसब असते, मत असते, खांदा दुखतो म्हणून तो थांबूही शकतो. बाईला चंदन म्हणताना आपण तिला खोड ठरवतो आणि तिचा हात विसरतो. अक्का झिजली नाही. ती घडवत होती. एवढेच की घडवलेली वस्तू तिची म्हणून कुणी ओळखली नाही, आणि तिने स्वतः ती अंगाला लावली नाही.

ज्याला आपण बायकांचे मागच्या खोलीतले काम म्हणतो, ते एकेकाळी शास्त्र होते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात हा ज्योतिषी सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती मिश्रणे होतील याचे उत्तर देतो: १,८२०. पुढे प्रत्येकाचे भाग कमीजास्त केले की हा आकडा लाखाच्या पलीकडे जातो. याहून जवळची गोष्ट आमच्या पुण्यातली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात एक दुर्मीळ हस्तलिखित उजेडात आणले. त्यात गंगाधराचा ‘गंधसार’ हा संस्कृत ग्रंथ आहे आणि त्याच्या सोबतीला ‘गंधवाद’ नावाचा, कर्त्याचे नाव नसलेला, दुसरा एक ग्रंथ. आणि या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे! बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली हे ग्रंथ छापले. मध्ययुगातला कुणी मराठी माणूस सुगंध कसे सिद्ध करावेत हे आपल्या भाषेत समजावून सांगत बसला होता, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांत शोधूनही सापडत नाही. संतांचे अभंग, पंडितांची काव्ये, शाहिरांच्या लावण्या, बखरकारांच्या लढाया यांना जागा आहे. नाकाला जागा नाही.

‘गंधसारा’त सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला सुगंधी पाण्याचे पुट देणे ती भावना. मंद आचेवर शिजवणे ते पाचन. दबलेला वास दुसऱ्या द्रव्याने जागा करणे तो बोध. कस्तुरीसारख्या तीव्र द्रव्याने तो भेदणे तो वेध. धुरी देणे ते धूपन, आणि ताज्या फुलांच्या सहवासात ठेवणे ते वासन. मी हे अक्काला वाचून दाखवले. वाळ्याच्या पाण्याने चंदन उगाळायचे ही भावना, दवण्याची काडी चुरडायची तो बोध, आणि जवादीचा कण हा वेध, असे आम्ही दोघींनी मिळून जुळवले. तिला या नावांचे कौतुक वाटले, पण भारावून ती गेली नाही. “नावे चांगली आहेत,” एवढेच म्हणाली.

आता खोडाविषयी. अक्काच्या वडिलांनी तंजावरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेले ते खोड तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत होते असे ती सांगते. आज ते अंगठ्याएवढे उरले आहे. दुसरे आणायचे म्हटले तर चंदनाच्या गाभ्याला किलोमागे हजारो रुपये मोजावे लागतात, आणि पैसे मोजूनही हातात येते ते चंदनच याची खात्री नसते. याला कारणे आहेत. चंदनाचे झाड अर्धपरजीवी. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांत तोंड खुपसून तिथून पाणी नि क्षार घेतात. म्हणून रोपवाटिकेत त्याच्या शेजारी तूर लावतात. गाभा धरायला पंधरा वर्षे लागतात, तो परिपक्व व्हायला तीस किंवा त्याहून जास्त. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वासच नसतो. आणि मुळांत तेल सर्वांत जास्त, म्हणून हे झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. टिपू सुलतानाने १७९२ साली ते राजवृक्ष ठरवल्यापासून पुढे दोन शतके चंदन सरकारचे राहिले. आपल्या अंगणात उगवलेले झाड आपले नाही, म्हटल्यावर ते कोण जपणार? रोप दिसले की लोक उपटून टाकीत. कर्नाटकाने २००१ साली आणि तमिळनाडूने २००२ साली कायदे बदलून मालकी जमीनमालकाला दिली. तोडीसाठी मात्र आजही वनखात्याची परवानगी लागते. मधल्या काळात स्पाइक नावाच्या रोगाने रानेच्या राने वाळली आणि उरलेली चोरांनी नेली. सत्यमंगलमच्या जंगलातल्या वीरप्पनचे नाव ऐकत एक पिढी मोठी झाली; २००४ साली तो मारला गेला तोवर फार थोडे शिल्लक होते. आज ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मळ्यांत आपलेच मलयज रांगेने लावलेले आहे.

परजीवी झाड आणि परक्या मुलखात तग धरलेली भाषा, अशी उपमा इथे अगदी दाराशी येऊन उभी राहते. तिला मी आत घेत नाही. तंजावरच्या मराठी माणसांनी तिथल्या संगीताला, नाट्याला, वैद्यकाला, ग्रंथसंग्रहाला जे दिले ते पाहता नुसते घेणाऱ्या झाडाशी त्यांची तुलना करणे अन्यायाचे होईल.

खोड संपत आलेले, अक्काच्या खांद्यात बळ नाही, आणि उगाळलेले गंध तर दोन दिवसांत विटते. तेव्हा पाण्यातला सुगंध तेलात आणणे एवढाच मार्ग होता. मी बंगळूरहून चंदनतेलाची छोटी कुपी आणली. खात्रीचे तेल सोन्याच्या भावाने नसले तरी त्याच आदराने हाताळावे लागते. वाळा, नागरमोथा आणि दवणा यांची तेले चेन्नईहून नातीने आणली. मद्यार्कात विरघळवून फवाऱ्याचे अत्तर करावे असा तिचा विचार होता. पण शुद्ध मद्यार्क मिळवायला परवाना लागतो, आणि त्या घरात मद्य शब्दाचा उच्चारही अवघड. शिवाय त्याची गरज नव्हती. कनौजचे अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या गुलाबाची, केवड्याची वाफ चंदनतेलातच उतरवीत आले. चंदन स्वतः सुगंध तर आहेच, पण दुसऱ्याचा सुगंध धरून ठेवणारे पात्रही आहे. त्याच्यातले सँटॅलॉल जड असते, हळू उडते. दवणा आणि कापूर घटकाभरात निघून जायला निघतात. चंदन त्यांचा पदर धरून बसवते.

मार्गशीर्षातल्या पहाटा होत्या. तिकडे मार्गळी म्हणतात. बाहेर बायका दारापुढे कोलम काढीत असत आणि सारंगपाणीच्या देवळातून पहाटेचे स्वर येत. वास घ्यायला हीच वेळ चांगली, असे अक्काचे मत. फोडणीचा आणि कॉफीचा वास एकदा घरात शिरला की नाक कामातून गेले. आम्ही कागदाच्या पट्ट्या कापल्या, दर पट्टीवर प्रमाण लिहिले आणि थेंब मोजू लागलो. वीस थेंब चंदन, तीन वाळा, एक नागरमोथा. दवण्याचा एक थेंबसुद्धा भारी पडतो, म्हणून तो आधी दहा थेंब चंदनात मिसळायचा आणि त्या मिश्रणातला एक घ्यायचा. नातीने वहीत तक्ता आखला. दहा थेंबांचे भाग किती प्रकारे पाडता येतील, असे तिने सहज विचारले, आणि मला हसू आले. कारण ज्या गल्लीच्या वळणावर आम्ही बसलो होतो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका छोट्या कौलारू घरात, रामानुजन लहानाचा मोठा झाला. दहाचे भाग बेचाळीस प्रकारे पडतात. दोनशेचे किती, हे त्याने आणि हार्डीने १९१८ साली काढलेल्या सूत्रातून मिळते. तो आकडा जवळजवळ चार लाख कोटींचा आहे. वराहमिहिराने सोळा द्रव्ये घेतली होती, आमच्याजवळ चार होती. तरी आठ दिवसांत तेहतीस पट्ट्या झाल्या.

अडचण आली ती वाळ्यापाशी. अक्काच्या गंधातला वाळा म्हणजे तांब्यातल्या पाण्यात रात्रभर राहिलेला वाळा. त्यात पहिल्या पावसाच्या ओल्या मातीचा हिरवेपणा होता. कुपीतला वाळा मुळांतून वाफेने ओढून काढलेला, गडद, किंचित धुरकट. एक पाण्याचा स्वभाव, दुसरा तेलाचा. आम्ही तो कमी केला तर खोलीतला वास नुसत्या लाकडाचा होई, पूजेच्या दुकानासारखा. वाढवला तर वाळ्याच्या पडद्यासारखा. मग नातीने एक युक्ती काढली. वाळ्याच्या स्वच्छ, वाळवलेल्या मुळ्यांची चिमूट चंदनतेलाच्या छोट्या बाटलीत टाकून ती बारा दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवली. जुन्या ग्रंथाच्या भाषेत वासन म्हणावे ते हेच, फक्त फुलांच्या जागी मुळे. या तेलाला कुपीतल्या वाळ्याचा केवळ एक थेंब पुरला.

कच्चे मिश्रण लगेच हुंगू नये. निदान तीन आठवडे ठेवावे, म्हणजे तुकड्यातुकड्याने येणारे वास एकमेकांत मुरतात. लोणच्याला जे कळते ते अत्तरालाही कळते. तीन आठवड्यांनी नात पुन्हा चेन्नईहून आली, मी थांबलेच होते. बाटली उघडली. पट्टी बुडवून अक्काच्या नाकाशी धरली. तिने डोळे मिटले, उघडले आणि पट्टी बाजूला सारली. “कागदाला काय कळते?” ती म्हणाली. “कागद थंड असतो.”

नातीने स्वतःचा हात पुढे केला. अक्काने तो धरला, पण बाटली नातीच्या हातातून आपल्याकडे घेतली. बोटावर एक थेंब घेतला. क्षणभर ते बोट तिच्या हातात तसेच राहिले. आम्ही दोघी काही बोललो नाही. मग तिने ते आपल्या डाव्या मनगटावर, नाडीवर टेकवले आणि हळूच फिरवले, सहाणेवर खोड फिरवावे तसे, एकदा, दोनदा. मनगट नाकाशी नेले. बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी दुधाची बरणी ठेवून गेले.

“वाळा अजून थोडा,” अक्का म्हणाली. “आणि तो कापूर विसरलात. तांदळाच्या दाण्याएवढा.”

नातीने वहीत लिहून घेतले, मराठी शब्द, तमिळ अक्षरांत.